मठाच्या मुदपाकखान्यांतील साधु

सतराव्या शतकांतील फ्रान्स म्हटला कीं चौदाव्या लुईचा दरबार, व्हर्सायचे बगीचे आणि मोलियेरचीं प्रहसनें हींच वाचकांच्या डोळ्यांपुढें उभीं राहतात. त्याच काळांत पॅरिस शहरीं, व्होजिरार नांवाच्या रस्त्यावरील कार्मेली मठांत, एक लंगडा आचारी स्वयंपाक करीत होता. त्याची दखल दरबारच्या बखरकारांनीं घ्यावी असें कांहीं कारण नव्हतें. परंतु ईश्वराचें सान्निध्य रोजच्या व्यवहारांत कसें राखावें, या प्रश्नाला ख्रिस्ती जगांत जीं उत्तरें मिळालीं, त्यांतील एक अत्यंत साधें, आणि कदाचित् म्हणूनच वादांत सांपडलेलें, उत्तर या आचाऱ्याचें आहे. इंग्रजी वाचक त्यास ब्रदर लॉरेन्स म्हणून ओळखतात.

त्याचें पूर्वाश्रमीचें नांव निकोला एर्मां. लॉरेन प्रांतांत ल्युनेव्हिल गांवाजवळच्या एका खेड्यांत १६१४ च्या सुमारास तो जन्मला. त्याच्या लहानपणींच युरोपांत तीस वर्षांचें युद्ध पेटलें. त्यांत तो शिपाई म्हणून लढला, जखमी झाला आणि त्याचा पाय कायमचा अधू झाला. पुढें कांहीं दिवस त्यानें एकांतवास करून पाहिला, तो त्यास मानवला नाहीं. मग एका खजिनदाराच्या घरीं तो हुजऱ्या म्हणून राहिला. या नोकरीविषयीं तो स्वतःच सांगे, कीं आपण मोठे धांदरट, हातीं येईल तें फोडणारे होतों. १६४० सालीं तो मठांत शिरला तोही अशाच समजुतीनें, कीं येथें आपल्या वेंधळेपणाबद्दल चांगलें शासन होईल. देवानें मात्र आपली फसवणूक केली, येथें सुखच मिळालें, असें तो पुढें हंसत हंसत सांगत असे.

मठांत त्याला पुरोहिताचा दर्जा नव्हता. लॅटिन शिकलेले, प्रवचनें देणारे साधु वेगळे आणि अंगमेहनतीचीं कामें करणारे बंधु वेगळे, अशी तेथें रीतच होती. लॉरेन्स दुसऱ्या वर्गांतला. स्वयंपाकाचा त्याला स्वभावतःच तिटकारा. तरी पंधरा वर्षें त्यानें तेंच काम केलें. पुढें उभें राहणें पायांना सोसेना, तेव्हां बसून करण्याजोगें, साधूंच्या चपला दुरुस्त करण्याचें काम त्याला मिळालें. मठासाठीं दारू खरेदी करावयास त्याला बर्गंडीपर्यंत पाठविलें, त्या प्रवासाची हकीकत मोठी मौजेची आहे. व्यवहाराची अक्कल नाहीं, पाय लंगडा, नावेंत चालतां येईना. तेव्हां पिंपांवरून गडगडत जाऊन त्यानें आपलें काम उरकलें, आणि तें चांगलेंच उरकलें.

आतां त्याचें म्हणणें काय होतें तें पाहूं. प्रार्थनेची वेळ आणि कामाची वेळ यांत त्याला भेद वाटत नसे. तव्यावरचा पदार्थ उलथणें हेंही ईश्वरावरील प्रेमानें करतां येतें, आणि कांहीं करावयास नसलें तर जमिनीवरची काडी उचलणें हेंही. मन भटकलें तर त्याच्यावर संतापूं नये, त्यास हळूच परत आणावें. चूक झाली तर ती कबूल करावी आणि पुढें चालावें. तिच्याभोंवतीं घुटमळत बसूं नये. इतकेंच.

हें वाचून कोणास वाटेल, कीं हा मनुष्य उपजतच शांत प्रकृतीचा होता. तसें नव्हतें. आपण खात्रीनें नरकांत जाणार, या विचारानें त्याला चार वर्षें छळलें. कोणीही समजूत घातली असती तरी ती त्यास पटली नसती, असें तो सांगे. या कोंडींतून तो सुटला तो कांहीं दृष्टान्त होऊन नव्हे. आपलें कांहींही होवो, मरेपर्यंत आपण ईश्वरावर प्रेम करण्यासाठींच वागावयाचें, एवढा निश्चय त्यानें केला. आमच्या मतें त्याच्या चरित्राचें मर्म येथें आहे. सान्निध्याची गोड जाणीव प्रथम झाली आणि तिच्यावर श्रद्धा उभी राहिली, असा हा क्रम नाहीं. श्रद्धेनें कोरड्या जमिनीवर कित्येक वर्षें पाय रोवले, आणि जाणीव मागाहून आली. भावनेच्या उमाळ्यांवर त्याचा भरंवसा नव्हता. ज्या अनुभवानें तो अठराव्या वर्षीं प्रथम जागा झाला, तोही एक विचारच होता : हिवाळ्यांत निष्पर्ण झालेलें एक झाड पाहून, यालाच पुन्हां पालवी फुटेल, हें त्याच्या मनांत आलें.

मराठी वाचकाला येथें सांवता माळी, गोरा कुंभार, दळण दळणारी जनाबाई यांची आठवण होईल, आणि ती योग्यच आहे. परंतु एक फरक ध्यानांत ठेवावा. गोरोबा संसारी होता. लॉरेन्सच्या मुदपाकखान्यांत मूल रडत नव्हतें, सासू बोलत नव्हती, महिनाअखेरची विवंचना नव्हती. मुदपाकखान्याचे गोडवे गाणारे बहुतेक लेखक त्यांत कधीं उभे राहिलेले नसतात, हेंही आमच्या वाचकभगिनींनीं हंसून सोडून द्यावें. मात्र लॉरेन्स त्यांतला नव्हे.

त्यानें ग्रंथ लिहिला नाहीं. जोझेफ द बोफोर नांवाचा एक धर्माधिकारी ३ ऑगस्ट १६६६ रोजीं त्याला प्रथम भेटला. त्या आणि पुढील भेटींचीं टिपणें, कांहीं पत्रें व थोडीं वचनें यांवरून बोफोरनें लॉरेन्सच्या मृत्यूनंतर १६९२ व १६९४ सालीं दोन लहान पुस्तकें छापलीं. म्हणजे आपल्यापर्यंत येणारा त्याचा बराचसा शब्द दुसऱ्याच्या लेखणींतून आलेला आहे. एका पत्रांत तर त्यानें, हें पत्र कोणास दाखवूं नये, अशी अट घातली होती!

पुस्तकें निघालीं ती वेळ मात्र वाईट होती. आत्म्यानें सर्व धडपड सोडून ईश्वरापुढें निश्चल राहावें, असें शिकविणाऱ्या मोलिनोस या स्पॅनिश धर्मोपदेशकाचीं मतें रोमनें १६८७ सालीं निषिद्ध ठरविलीं होतीं. फ्रान्समध्यें मादाम ग्युयों हिला कैद झाली. तिची बाजू घेणारा आर्चबिशप फेनेलोन आणि त्याचा प्रतिपक्षी बोस्युए यांच्यांत मोठा वाद माजला. फेनेलोन लॉरेन्सला त्याच्या आजारपणांत भेटलेला होता, आणि त्याच्याविषयीं त्याचें मत फार चांगलें होतें. १६९९ सालीं पोपनें फेनेलोनच्या ग्रंथांतील तेवीस विधानें दोषी ठरविलीं. त्या वादळांत गरीब आचाऱ्याच्या नांवावरही सावली पडली. ही भीति अगदींच निराधार होती असें आम्हांस म्हणवत नाहीं. सामान्य मनुष्य स्वयंपाकघरांतच देवाशीं बोलूं लागला, तर पुरोहिताचें काम काय उरलें, हा प्रश्न कोणत्याही धर्मसंस्थेला अडचणींत टाकणारा आहे. परंतु लॉरेन्स निश्चलतेचा उपदेशक नव्हता. ज्याचा दिवस चुलीपाशीं जातो, त्याला निष्क्रिय कोण म्हणेल?

त्याला जपलें तें परपक्षानें. हॉलंडांत राहणाऱ्या प्येर प्वारे या प्रॉटेस्टंट पंडितानें १६९९ सालींच त्याचें लेखन पुन्हां छापलें, आणि अठराव्या शतकाच्या मध्यावर जॉन वेस्लीनें आपल्या ख्रिस्ती ग्रंथमालेंत त्याच्या पत्रांस जागा दिली. ज्या संप्रदायांना मठ ही संस्थाच मान्य नव्हती, त्यांच्या घराघरांत मठांतला एक आचारी असा जाऊन बसला.

लॉरेन्स १२ फेब्रुवारी १६९१ रोजीं वारला. त्याचा मठ फ्रेंच राज्यक्रांतींत तुरुंग झाला, आणि सप्टेंबर १७९२ मध्यें तेथें शंभरांहून अधिक धर्मगुरूंची कत्तल झाली. त्या आवारांत १८७५ सालीं पॅरिसचें कॅथॉलिक विद्यापीठ स्थापन झालें. तेव्हांपासून तेथें आमच्याच धंद्याचे लोक व्याख्यानें देत आले आहेत.