संमतीचा धडा

वैद्याने रुग्णाचे अहित करू नये, हा दंडक फार प्राचीन आहे. हिपॉक्रेटिसच्या नावाने चालत आलेल्या शपथेत तो आहे, तसाच शिष्याला दीक्षा देताना चरकसंहितेत केलेल्या उपदेशातही आहे. परंतु तेथे सारा भार वैद्याच्या सचोटीवर आहे. रुग्णाच्या संमतीचा प्रश्न त्या शपथांत उपस्थितच होत नाही.

तो उपस्थित झाला जर्मनीत. परम्याच्या जंतूचा शोध लावणारे आल्बर्ट नायसर यांनी 1892 मध्ये ब्रेस्लाऊ येथे, म्हणजे आजच्या पोलंडमधील व्रोत्स्वाफ शहरी, उपदंशाच्या रोग्यांच्या रक्तातील लस दुसऱ्या रोगासाठी रुग्णालयात आलेल्या स्त्रियांना टोचली. त्यांतील बहुतेक वेश्या होत्या. त्यांना कोणी काही विचारले नव्हते. पुढे काहींना उपदंश झाला, तेव्हा तो त्यांच्या व्यवसायामुळे झाला, असे नायसर म्हणाले. न्यायासनाने त्यांना दंड केला. प्रयोग निरुपद्रवी आहे अशी वैद्याची खात्री असली, तरी त्याने संमती घ्यावयास हवी होती, हा त्या निर्णयाचा गाभा होता. 1900 च्या डिसेंबरात प्रशियाच्या सरकारने रुग्णालयांस तशी आज्ञाही दिली. 1930 मध्ये ल्यूबेक येथे क्षयाच्या दूषित लशीने सत्तराहून अधिक अर्भके दगावली. पुढच्याच वर्षी अधिक सविस्तर नियम निघाले.

इतके नियम असलेल्या देशातच पुढे छळछावण्यांतील बंद्यांवर बर्फाच्या पाण्याचे, विषमज्वराचे आणि विषाचे प्रयोग झाले! न्यूरेंबर्ग येथे 1946 च्या डिसेंबरात 23 आरोपींवर खटला उभा राहिला. 16 दोषी ठरले, 7 जणांना फाशी झाली. 1947 च्या निकालपत्रातील दहा कलमांपैकी पहिले कलम मनुष्याच्या ऐच्छिक संमतीचे आहे.

तरीही धडा पुरता गिरवला गेला नव्हता. अमेरिकेत टस्कीगी येथे 1932 पासून उपदंश झालेल्या 399 कृष्णवर्णीयांना, पेनिसिलिन उपलब्ध झाल्यावरही, औषधावाचून केवळ न्याहाळत ठेवण्यात आले. 1972 मध्ये ही गोष्ट उघडकीस आली. त्यानंतर 1979 मध्ये बोचम्प आणि चिल्ड्रेस यांनी चार तत्त्वांची मांडणी केली : रुग्णाची स्वायत्तता, त्याचे हित, अहिताचे वर्जन आणि न्याय.

यांतील हित आणि अहितवर्जन ही जुन्या शपथांतलीच आहेत. स्वायत्तता आणि न्याय यांची किंमत मात्र ब्रेस्लाऊच्या स्त्रियांनी, छावण्यांतील बंद्यांनी आणि टस्कीगीच्या गरीब शेतमजुरांनी मोजली. ज्यांना कोणी विचारले नाही, अशी ही माणसे होती. आज शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णापुढे येणारा संमतीचा कागद हा त्यांचाच वारसा होय. तो समजावून न सांगता नुसती सही घेतली, तर नियम पाळल्याचे समाधान मिळेल. पण नियम तर ब्रेस्लाऊनंतरच्या जर्मनीतही होते.