तणसातील साखर आणि बुरशीचे विकर

१ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून वेगळा झालेला गोंदिया हा धानाचा जिल्हा. मळणीनंतर येथे मागे उरते ते तणस. त्याचा सुमारे एक तृतीयांश भाग सेल्युलोजचा, म्हणजे ग्लुकोज साखरेच्या लांब साखळ्यांचा असतो. या साखळ्या तोडून साखर व तिच्यापासून इथेनॉल मिळवता येते. नागझिऱ्याच्या जंगलात पडलेले लाकूड कुजविणारी बुरशी हेच काम करते. त्यासाठी ती जे विकर, अर्थात एन्झाइम, स्रवते त्याला 'सेल्युलेज' म्हणतात.

सेल्युलेज हा विकरांचा समूह आहे. एक विकर साखळी मधूनच तोडते, दुसरे टोकाकडून ग्लुकोजच्या जोड्या सोडविते, तर तिसरे त्या जोड्या फोडते. दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकी लष्कराचे सुती तंबू कुजविणारी 'ट्रायकोडर्मा रीसी' ही बुरशी उद्योगांत त्याचा प्रमुख स्रोत ठरली. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत 'पेनिसिलियम' बुरशीच्या सेल्युलेजवर संशोधन झाले आहे.

बुरशी वाढविलेल्या द्रवात विकर अत्यंत विरळ असते. प्रथम बुरशीचे तंतू गाळून काढले जातात. नंतर अतिसूक्ष्म छिद्रांच्या पडद्यातून पाणी व क्षार निघून जातात. आकाराने मोठी असलेली विकरे मागे राहतात. प्रयोगशाळेत थंड द्रवात अमोनियम सल्फेट विरघळवूनही विकराचा साका खाली बसवितात. त्यातील क्षार काढण्यासाठी डायलिसिस करतात. मात्र त्याची नेहमीची पिशवी सेल्युलोजचीच असल्याने सेल्युलेज तिलाच कुरतडू शकते. अशा वेळी कृत्रिम पडदा सोयीचा ठरतो. शेवटी क्रोमॅटोग्राफीने विद्युतभार व आकारानुसार एकेक विकर वेगळे केले जाते.

प्रत्येक टप्प्यावर शुद्धता वाढते, पण काही विकर वायाही जाते. अभ्यासासाठी शुद्ध विकर आवश्यक असते; तणसासाठी मात्र तिन्ही एकत्रच हवीत, कारण एकाचे काम दुसऱ्यावर अवलंबून असते. म्हणून कारखान्यांना गाळून घट्ट केलेला अर्क पुरेसा ठरतो.

पानिपत येथे इंडियन ऑइलच्या, पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजचे तंत्रज्ञान वापरणाऱ्या प्रकल्पाचे १० ऑगस्ट २०२२ रोजी उद्घाटन झाले. वर्षाला २ लाख टन धानाच्या काडापासून सुमारे ३ कोटी लिटर इथेनॉल, ही त्याची नियोजित क्षमता. अशा प्रकल्पांच्या खर्चात विकराची किंमत ही मोठी बाब असते. गोंदियाच्या तणसाला इंधनाचा भाव मिळायचा असेल, तर हे विकर स्वस्तात घट्ट करता येणे महत्त्वाचे आहे.