संबळाचे श्रोते

संगीतप्रेमी मनुष्य आपल्या आवडत्या कलावंतांविषयी बोलू लागला, की भीमसेन, कुमार, किशोरी ही नावे ओघानेच येतात. आम्हांलाही ती प्रिय आहेत. परंतु आम्हां धाराशिवकरांच्या कानाला पहिले वळण लावले ते संबळाने. तुळजापूर जिल्ह्यातच असल्यामुळे लग्नानंतरचा गोंधळ ही इथल्या कित्येक घरांची रीत, आणि आमच्या पिढीने ऐकलेल्या पहिल्या मैफली त्याच होत.

कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात रचलेल्या 'मानसोल्लासा'त गोंडली नृत्याचे वर्णन येते. पुढल्या शतकात, यादवांच्या देवगिरीत सिद्ध झालेल्या शार्ङ्गदेवाच्या 'संगीतरत्नाकरा'तही ते आहे. रा. चिं. ढेरे यांनी गोंधळाचे नाते या गोंडलीशी जोडले. कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण. आमच्या उमरग्याहून हद्द ओलांडली की आलेच. मात्र गोंडली हे स्त्रीचे नृत्य, तर गोंधळ हा पुरुषांनी घालायचा विधी. तेव्हा हा वारसा सरळ बापाकडून मुलाकडे आलेला नसावा, असे आमचे मत आहे.

तुळजाभवानीचे गोंधळी ते कदमराई, माहूरच्या रेणुकेचे ते रेणुराई. चौक भरायचा, दिवटी पेटवायची, गावोगावच्या देवांना नावे घेऊन गोंधळाला बोलवायचे, हा पूर्वरंग. थंडीत संबळाचे चामडे सैल पडले, की वादक ते शेकोटीशी धरी, काठी मारून पाही, पुन्हा धरी. या खटपटीत आम्हां पोरांना निम्मा गोंधळ मिळे. खरी मैफल मध्यरात्रीनंतर, आख्यान लागले की. नायक गंभीरपणे कथा सांगे आणि साथीदार भाबडे प्रश्न विचारून त्याला जमिनीवर आणी.

आमचे सर्वांत आवडते ते जांभूळ आख्यान. परभणीचे राजारामबापू कदम हे गोंधळी परंपरेतले थोर नाव. पुढे शाहीर विठ्ठल उमप यांनी हे आख्यान रंगमंचावर गाजवले. झाडावरून तोडलेले जांभूळ पुन्हा देठाला लागावे म्हणून द्रौपदीला कर्णाविषयीची अभिलाषा बोलून दाखवावी लागते. अंगणात त्या क्षणी साथीदारसुद्धा गप्प होई. उंबऱ्याआड बसलेल्या आयाबायांकडे कोणी वळून पाहत नसे. पतिव्रतेच्या मनातली गोष्ट देवीसमोर, घरच्या अंगणात, सासूसुनांनी एकत्र ऐकायची, ही सोय ज्या समाजाने करून ठेवली तो आम्हांला समजतो त्याहून शहाणा असला पाहिजे. नाट्यगृहात उमपांना टाळ्या पडत; अंगणात टाळी वाजत नसे.

30 सप्टेंबर 1993च्या पहाटे भूकंपाने सास्तूर परिसरातले माळवदाचे वाडे बसले. पुनर्वसनात सरळ रस्त्यांची, ऐसपैस गावे उभी राहिली. घरे भक्कम झाली, पण शेजार लांब गेला, आणि चौसोपी अंगण नव्या आराखड्यात नव्हतेच. गोंधळ आधी मांडवात गेला, मग मंगल कार्यालयात. भूकंप जिथे पोचला नाही तिथेही पुढे हेच झाले, हे खरे.

अलीकडे उमरग्याच्या एका लग्नात पूर्वरंग आटोपताच आरती झाली. संबळ गुंडाळणाऱ्या वृद्ध गोंधळ्याला आम्ही विचारले, "मामा, जांभूळ येतं का?"

"येतं की, सर. बापाकडनं समदं आलंय. पर हाल धाला मोकळा करावा लागतुया."