पहिला अल्बम नसलेला गीतकार

मागच्या भागानंतर एका श्रोत्याने मेसेज केला, "वामनदादा कर्डक ऐकायचेत. त्यांचा पहिला अल्बम कोणता?" मी ॲप उघडून शोधायला बसलो. गाणी ढिगाने सापडली, पण बहुतेक गाण्यांखाली नाव फक्त गायकाचं. मग कळलं, हा माणूस अल्बमच्या हिशेबात बसतच नाही.

जन्म १५ ऑगस्ट १९२२, सिन्नर तालुक्यातलं देशवंडी. लहानपणी शाळा नाही. पुढे मुंबईत कुणीतरी एक पत्र वाचून दाखवायला सांगितलं आणि दादांना वाचता येईना. त्याची इतकी लाज वाटली की मोठेपणी अक्षरं गिरवली, दुकानांच्या पाट्या वाचून वाचून सराव केला.

१९४३ मध्ये त्यांनी पहिलं गाणं रचलं. हिंदी सिनेमातल्या गाण्याचं विडंबन होतं ते. लोक खळखळून हसले. पहिला अल्बम म्हणा की पहिला रिव्ह्यू, तो हाच! नंतर बाबासाहेबांच्या विचारांनी त्यांना असं काही धरलं की आयुष्यभर गावोगाव, वस्त्यावस्त्यांत गात फिरले. प्रल्हाद शिंद्यांसारख्या गायकांनी त्यांची गाणी घराघरांत नेली. 'वाटचाल' हा पहिला गीतसंग्रह आला १९७३ मध्ये, म्हणजे तब्बल तीस वर्षांनी. तोवर गाणी लोकांना पाठ होती.

मग गाणं कुणाचं, हे लोकांना कळायचं कसं? आपल्या देहूच्या तुकोबांची युक्ती आठवा. अभंगाच्या शेवटी 'तुका म्हणे' येतंच. तसंच दादांच्या कितीतरी गाण्यांत शेवटच्या कडव्यात 'वामन' हे नाव गुंफलेलं असतं. माझ्या भाषेत सांगायचं तर मेटाडेटा फाइलच्या बाहेर नाही, थेट गाण्याच्या आत! कव्हर हरवलं, कॅसेट झिजली, तरी गाणाऱ्याच्या तोंडून नाव निघणारच.

आता माझी चूक सांगतो. बारावीत असताना आमच्या पवनानगरला, म्हणजे जुन्या लोकांच्या काले कॉलनीला, जयंतीच्या मिरवणुकीसाठी मी लॅपटॉपवर मिक्स बनवला. गाणी लांब वाटली म्हणून मुखडा आणि पहिलं कडवं ठेवलं, बाकी उडवलं. पोरं जाम नाचली. मी खुश. तेवढ्यात एक आजी जवळ आल्या. "बाळा, शेवटचं कडवं कुठं गेलं? दादाचं नाव त्यातच असतंय की."

मला उत्तर सुचलं नाही. अक्षरं उशिरा शिकलेल्या माणसाने आपलं नाव जिथे जपून ठेवलं होतं, नेमकं तिथेच मी कात्री लावली होती.

१५ मे २००४ ला दादा गेले. आज रील छोटीशी असते, शेवटच्या कडव्यापर्यंत पोचतंय कोण?

तर मित्रा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर : कुठल्याही गाण्यापासून सुरू कर. फक्त 'नेक्स्ट' दाबू नकोस, शेवटपर्यंत ऐक. भेटू पुढच्या भागात!