ॲपमधली लुआ स्क्रिप्ट बिघडली तर कुठे शोधायचं?

लुआ ही 1993 साली ब्राझीलमध्ये, रिओ दि जानेरोच्या एका विद्यापीठात तयार झालेली छोटी स्क्रिप्टिंग भाषा. सी किंवा सी++ मध्ये लिहिलेल्या ॲपच्या पोटात तिचा इंटरप्रिटर बसवता येतो. व्हीएलसी प्लेअरमध्ये तो आहे, रोब्लॉक्समध्ये तिचंच बदललेलं रूप चालतं.

अँड्रॉइडच्या नेटिव्ह ॲपमध्ये लुआ बसवली की ठरलेली तक्रार म्हणजे ॲप काहीच न सांगता बंद पडतं. लुआ एरर सांगत असते, पण ऐकणारं कोणी नसतं. स्क्रिप्ट 'लुआ_कॉल'ने चालवली तर एरर आल्यावर अख्खं ॲप आडवं होतं. त्याऐवजी 'लुआ_पीकॉल' वापरा. उत्तर शून्य नसेल तर एररचा मजकूर स्टॅकच्या सगळ्यात वर असतो. तो वाचा, लॉगकॅटमध्ये पाठवा आणि स्टॅकवरून काढून टाका. 'प्रिंट'वर विसंबू नका, अँड्रॉइडवर ते सहसा कुठेच दिसत नाही. 'फाइल उघडता येत नाही' असं आलं तर स्क्रिप्ट एपीकेच्या ॲसेट्समध्ये आहे का बघा. ती साध्या फाइलसारखी उघडत नाही. ॲसेट मॅनेजरने मेमरीत वाचून मग लुआला द्यावी लागते.

खरी डोकेदुखी मराठी मजकुराची, कारण लुआ अक्षरं नाही, बाइट मोजते. 'वाशीम' डोळ्यांना तीन अक्षरं दिसतात, युनिकोडमध्ये ती पाच चिन्हं आहेत, आणि लुआची लांबी येते 15. हे नाव 10 बाइटवर कापलं तर शेवटचं चिन्ह अर्धवट तुटतं. असा मजकूर जेएनआयमधून जावाकडे पाठवला की डीबग बिल्डमध्ये ॲप बंद पडतं. हे एकवेळ परवडलं, निदान चूक कळते तरी. पण 12 बाइटवर कापलं तर उरतं 'वाशी'! एररही नाही, क्रॅशही नाही. सोयाबीनचे भाव दाखवणारं ॲप असेल तर वाशीमच्या शेतकऱ्याला नवी मुंबईतल्या बाजाराचं नाव दिसणार, आणि तिथे बाजार समिती खरोखरच असल्यामुळे संशयही यायचा नाही.

म्हणून स्क्रिप्टमध्ये नावं कापूच नका. जागा कमी असेल तर ते काम स्क्रीनवरच्या टेक्स्ट व्ह्यूला करू द्या, आणि बाजार नावावरून नाही, कोड नंबरवरून शोधा. चिन्हं मोजायचीच असतील तर लुआ 5.3 पासून 'यूटीएफ8' लायब्ररी सोबत येते. लुआजिट 5.1 वर बेतलेलं असल्याने त्यात ती नाही. तिथे 'यूटीएफ8' निल असल्याची एरर येते.