मशीनचा उस्ताद कोण?

अलीकडे आपल्या जलशांमधून, शाळांच्या कार्यक्रमांमधून एक वाक्य हमखास ऐकू येतं. "आज ज्या एआयचा जगभर बोलबाला आहे, त्यातला अल्गोरिदम हा शब्द आपल्या ख्वारिज्मीच्या नावावरून आलाय!" टाळ्या पडतात. वाक्य खरंच आहे. मुहम्मद इब्न मूसा अल-ख्वारिज्मी हा नवव्या शतकातला गणिती, बगदादमध्ये खलिफा मामूनच्या काळात काम करणारा. भारतीय अंकांवरच्या त्याच्या ग्रंथाचं बाराव्या शतकात लॅटिनमध्ये भाषांतर झालं. त्याच्या नावाचं 'अल्गोरित्मी' झालं आणि त्यातूनच पुढे 'अल्गोरिदम' आला.

पण हा माणूस नेमकं काय करत होता, हे कोणी सांगत नाही. 'अल-जब्र'वरच्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यानं स्वतःच सांगितलंय की वारसा, वसीयत, वाटणी, खटले, व्यापार, जमिनीची मोजणी, कालव्यांचं खोदकाम अशा कामांत लोकांना जो हिशेब सतत लागतो, तो सोपा करण्यासाठी हे पुस्तक आहे. ग्रंथाचा फार मोठा भाग वसीयत आणि वारशाच्या उदाहरणांनीच भरलाय. बाई वारली, मागे नवरा, मुलगा आणि तीन मुली आहेत, अमुक हिस्सा परक्याला लिहून दिलाय, तर कुणाला किती? काझीसमोर रोज येणारा प्रश्न त्यानं घेतला आणि कुणालाही पायरी-पायरीनं सोडवता येईल असा करून दाखवला.

मी उर्दू आणि मराठी शिकवतो, संगणक हा माझा विषय नाही. पण दहावीच्या मुलांचे पालक आता विचारतात, "सर, हे एआय सगळं करणार असेल तर पोरांनी शिकायचं काय?" या प्रश्नाचं उत्तर मी इतिहासात शोधत गेलो. कारण एआय काल-परवा आलेलं नाही. दवाखाना, कारखाना, टपालखातं, बँक अशा ठिकाणी ते शिरलं, त्याला पन्नासएक वर्षं होत आली. त्या वर्षांत काय चाललं आणि काय फसलं, हे पाहिलं की बऱ्याच गोष्टी उलगडतात.

सुरुवात अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातून करू. १९६५ साली एडवर्ड फायगेनबाम हे संगणकतज्ज्ञ आणि जोशुआ लेडरबर्ग हे नोबेल मिळालेले जीवशास्त्रज्ञ एकत्र आले. त्यांनी 'डेंड्रल' नावाचा प्रोग्रॅम सुरू केला. एखाद्या रसायनाची यंत्रातून आलेली मोजमापं पाहून त्याच्या रेणूची रचना कशी असेल, हे त्यानं ओळखायचं होतं. त्याआधी अनेकांना वाटायचं की मशीनला विचार करण्याची एक सर्वसाधारण पद्धत शिकवली की ते कुठलंही कोडं सोडवेल. डेंड्रलनं वेगळं दाखवलं. नुसती तर्कशक्ती पुरत नाही, त्या कामातलं इल्म लागतं. आणि हे इल्म पुस्तकात कमी, मुरलेल्या रसायनतज्ज्ञांच्या डोक्यात जास्त होतं. तेव्हा त्यांच्याशेजारी बसून, विचारून विचारून ते काढून घ्यावं लागलं.

पुढची पायरी दवाखान्याची. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याच विद्यापीठात एडवर्ड शॉर्टलिफ यांनी 'मायसिन' बनवला. रक्तातला जंतुसंसर्ग आणि मेंदूज्वर यांत कोणतं प्रतिजैविक द्यावं, हे सांगणारा प्रोग्रॅम. त्यात काहीशे नियम होते, सगळे 'असं असेल तर तसं' या धाटणीचे. जंतू ग्रॅम-निगेटिव्ह असेल, आकारानं दांडीसारखा असेल आणि ऑक्सिजनशिवाय वाढणारा असेल, तर तो बॅक्टेरॉइडिस असण्याची खात्री ०.६. मशीन 'नक्की' म्हणत नव्हतं, अनुभवी डॉक्टरसारखं अंदाजाचं वजन सांगत होतं.

१९७९ साली या प्रोग्रॅमची परीक्षा प्रसिद्ध झाली. मेंदूज्वराच्या दहा रुग्णांची माहिती मायसिनला आणि डॉक्टरांना दिली गेली. मग बाहेरच्या आठ तज्ज्ञांनी, कोणता सल्ला कुणाचा हे ठाऊक नसताना, सगळे तपासले. मायसिनचे सल्ले ६५ टक्के वेळा योग्य ठरले. वैद्यकीय शाखेतल्या तज्ज्ञांचं हेच प्रमाण ४२.५ ते ६२.५ टक्के होतं. म्हणजे मशीन पहिलं आलं!

आणि तरीही मायसिन दवाखान्यात रोजच्या वापरात कधीच आलं नाही. एकेका रुग्णासाठी डॉक्टरनं टर्मिनलपुढे बसून लांबलचक प्रश्नोत्तरं टाइप करायची, एवढा वेळ कुणाकडे होता? शिवाय सल्ला चुकला आणि रुग्ण दगावला तर जबाबदार कोण, हाही प्रश्न होता. परीक्षेत पहिला आलेला वॉर्डात चालेलच असं नाही, ही गोष्ट आम्ही मास्तर लोक चांगली ओळखतो.

कारखान्यात मात्र वेगळं घडलं. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन ही कंपनी 'व्हॅक्स' नावाचे संगणक विकायची. प्रत्येक गिऱ्हाइकाची मागणी निराळी. कोणता सुटा भाग कशाला जुळतो, केबल किती लांब लागेल, कोणती वस्तू यादीत टाकायची राहिली, यात चुका व्हायच्या आणि भुर्दंड कंपनीला. कार्नेगी मेलन विद्यापीठाचे जॉन मॅकडरमट यांनी १९७८ च्या सुमारास यासाठी प्रोग्रॅम लिहायला घेतला आणि १९८० पासून कंपनी तो वापरू लागली. त्याचं नाव 'एक्सकॉन'. १९८६ पर्यंत त्यामुळे वर्षाला सुमारे ४ कोटी डॉलर वाचत असल्याचा अंदाज होता. मग सगळ्या मोठ्या कंपन्या 'एक्स्पर्ट सिस्टिम'च्या मागे धावल्या.

यातली मला सगळ्यात विचार करायला लावणारी कहाणी मात्र सुपाची आहे. कॅम्पबेल ही डबाबंद सूप विकणारी अमेरिकी कंपनी. तिच्या कारखान्यांत डबे निर्जंतुक करणारे कित्येक मजली उंचीचे कुकर होते. ते बंद पडले की आतल्या हजारो डब्यांचं नुकसान. बिघाड कुठे आहे हे बिनचूक ओळखणारा माणूस एकच, आल्डो सिमिनो. चाळीसहून अधिक वर्षं कंपनीत घालवलेले आल्डो आता निवृत्तीला आले होते. १९८० च्या दशकाच्या मध्याला टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स कंपनीची माणसं त्यांच्यासोबत कित्येक महिने बसली. पाणी इतकं गरम झालं तर तुम्ही काय बघता? मग काय? तसं नसेल तर? त्यातून सुमारे दीडशे नियम निघाले, आणि साध्या संगणकावर चालणारा प्रोग्रॅम कारखान्याच्या फरशीवर गेला.

एका कामगाराचं आयुष्यभराचं हुनर फ्लॉपीवर उतरलं. हे वाचून आनंद व्हावा की हुरहुर लागावी, कळत नाही. एकीकडे ते इल्म कबरीत गेलं नाही, मागे राहिलं. दुसरीकडे, ते आता कुणाचं? आल्डोंचं की कंपनीचं? चाळीस वर्षांत कमावलेलं दीडशे ओळींत मावलं, की जे मावलं नाही ते तसंच निसटून गेलं? आपल्याकडे शागिर्द उस्तादाकडे वर्षानुवर्षं राहायचा, आणि पुढे नाव घेताना "मी अमक्यांचा शागिर्द" असं सांगायचा. प्रोग्रॅम असं सांगत नाही.

१९८० चं दशक संपता संपता ही लाट ओसरली. जग बदलतं, नवे सुटे भाग येतात, आणि नियम मात्र माणसानंच एकेक करून बदलायचे. एक्सकॉनचे नियम हजारोंत गेले, ते सांभाळणं हेच मोठं काम झालं. शिवाय अनेक कामं अशी असतात की करणाऱ्याला ती येतात, पण सांगता येत नाहीत. हस्ताक्षर वाचणं घ्या. 'पाच' आणि 'सहा' तुम्ही क्षणात ओळखता, पण कसं ओळखलं त्याचा नियम सांगा म्हटलं तर?

म्हणून दुसरा रस्ता पुढे आला. नियम सांगू नका, नमुने दाखवा. १९८९ साली बेल लॅब्जमध्ये यान लकून आणि सहकाऱ्यांनी बफेलो शहराच्या टपालातून आलेले, पाकिटांवर हातानं लिहिलेले पिनकोडचे आकडे घेतले. एकूण ९,२९८ आकडे. त्यातल्या ७,२९१ वर मशीनला शिकवलं आणि उरलेल्या २,००७ वर परीक्षा घेतली. याच पद्धतीची मशीन १९९० च्या दशकात बँकांमध्ये चेक वाचू लागली.

इथे एक बारीक पण मोलाची गोष्ट आहे. अशाच कामासाठी अमेरिकेच्या सरकारी संस्थेनं आकड्यांचे दोन गठ्ठे जमवले होते. एक जनगणना कार्यालयातल्या कर्मचाऱ्यांनी लिहिलेला, दुसरा हायस्कूलच्या मुलांनी. कर्मचाऱ्यांचे आकडे स्वच्छ, मुलांचे वेडेवाकडे. शिकवायला कर्मचाऱ्यांचा गठ्ठा आणि परीक्षेला मुलांचा, अशी मूळ मांडणी होती. लकून यांच्या गटानं ती मोडली. दोन्हींतून ३०-३० हजार आकडे घेऊन शिकवण्यासाठी ६० हजारांचा संच केला. कारण ज्याचं अक्षर मशीननं पाहिलंच नाही, त्याचं अक्षर ते वाचणार कसं?

आजच्या एआयचा पाया हाच आहे, नमुने. आणि आपला प्रश्न इथेच सुरू होतो. नस्तालीकमध्ये छापलेलं जुनं उर्दू पुस्तक मशीनकडून वाचून घ्यायला जा, चुका सापडतील. अक्षरं तिरकी उतरतात, शेजाऱ्याप्रमाणे रूप बदलतात, नुक्ते भलतीकडे सरकतात. १९८१ साली मिर्झा अहमद जमील या खुशनवीसानं हजारो जोडआकार हातानं लिहून दिले, तेव्हा कुठे 'नूरी नस्तालीक' संगणकावर आली. म्हणजे लिपी मशीनपर्यंत पोचली ती एका कातिबाच्या बोटांतून. तसाच आज कोकणी मुसलमानांच्या बोलीचा, मराठवाड्यातल्या दखनीचा नमुना कुणी दिला नाही, तर बोलणारं मशीन आपल्या नानीचं म्हणणं समजणार नाही.

कामाधंद्याचंही तेच. मालेगाव, भिवंडीत यंत्रमागाच्या आवाजावरून बिघाड ओळखणारे जॉबर आहेत. हे आपले आल्डो. त्यांचं हुनर ना कुठल्या पुस्तकात आहे, ना त्यांच्या मुलांच्या वहीत. उद्या कुणीतरी येऊन ते विचारून घेईल आणि विकत आणून देईल. किंवा आपल्यातलीच दोन शिकलेली पोरं त्यांच्याशेजारी बसतील.

म्हणून पालकांना माझं उत्तर आता असं असतं. पोराला कुठलंही एक काम मुळापासून शिकू द्या, हातानं करू द्या. आणि त्याची भाषा पक्की करा, म्हणजे जे येतं ते त्याला सांगता आणि लिहिता येईल. पन्नास वर्षांत मशीनला ज्यांची गरज पडली, ती माणसं या दोन प्रकारची होती, काम जाणणारी आणि त्यांना नीट प्रश्न विचारणारी. ख्वारिज्मीकडे हे दोन्ही होतं. वारशाचा मसला त्याला ठाऊक होता आणि तो सोपा करून मांडताही येत होता.

त्याच्या नावावर टाळ्या जरूर वाजवू. पण त्याचा वारसा सांगायचा असेल तर आपल्या मोहल्ल्यातला रोजचा हिशेब कुठे अडलाय, हे आधी जाऊन विचारावं लागेल.