फ्रिट्झ शेपान : मैदान आणि दुकान

जर्मनीच्या पश्चिमेकडील रूर प्रांत म्हणजे कोळशाच्या खाणींचें व पोलादाच्या भट्ट्यांचें आगर. तेथील गेल्सेनकिर्खेन शहरीं १९०७ सालीं फ्रिट्झ शेपान जन्मला. आईबाप पोटासाठीं दूरच्या माझूरी भागांतून आलेले. खाणकामगारांचा संघ म्हणून नांवाजलेल्या 'शाल्के ०४' मध्यें तो वाढला. अंगानें धिप्पाड, चाल मंद. पण चेंडू पायाशीं येण्यापूर्वींच तो कोणाकडे धाडावयाचा हें त्याच्या मनांत ठरलेलें असे.

त्या काळीं खेळाडूंनीं ठराविक भत्त्याबाहेर पैसे घेणें निषिद्ध होतें. १९३० सालीं या अपराधाबद्दल शाल्केच्या खेळाडूंवर बंदी आली. ती उठून १९३१ च्या जूनमध्यें संघ मैदानांत उतरला, तेव्हां सुमारें ७०,००० लोक लोटले! शेपान आणि त्याचा मेहुणा कुझोरा या जोडीनें आंखूड पल्ल्याच्या देवघेवीचा जो खेळ बसविला, त्यास लोक 'शाल्केचा भोवरा' म्हणत. १९३४ च्या अंतिम सामन्यांत न्यूर्नबर्गनें एक गोल चढविला होता. शेवटच्या कांहीं मिनिटांत आधीं शेपाननें व मग कुझोरानें गोल करून बाजी उलटविली. १९४२ पर्यंत शाल्केनें सहा वेळां अजिंक्यपद मिळविलें. शेपान राष्ट्रीय संघाकडून ३४ सामने खेळला.

पण १९३७ सालीं तो नाझी पक्षाचा सभासद झाला, आणि १९३८ सालीं शाल्केच्या बाजारांतील एक कापडाचें दुकान त्यानें अल्प किंमतींत घेतलें. दुकान ज्यूंचें होतें. विकणें त्यांना भाग पाडलें गेलें होतें. त्या मालकांना पुढें रीगाकडे धाडण्यांत आलें व तेथें त्यांची हत्या झाली. शेपाननें कोणावर हात उगारला नाहीं हें खरें. कागद मात्र त्याच्या नांवें झाला. काळच तसा होता, हें समर्थन मला पटत नाहीं. ज्याच्या नांवाचा जयघोष गांवभर होई, त्यास तरी नकार देणें इतरांहून सोपें होतें.

युद्धानंतर तो शिक्षक झाला. १९४९ ते १९५४ शाल्केस शिकविलें, पण अजिंक्यपद हातीं लागलें नाहीं. तें मिळालें शेजारच्या रोट-वाईस एसेनबरोबर. १९५५ सालीं या संघानें कायझर्सलाउटर्नला ४-३ असें हरविलें. आणि त्या पराभूत संघांत आदल्याच वर्षीं विश्वविजेते ठरलेले खेळाडू होते! इस्लाकरनें तीन गोल केले. १९६४ ते १९६७ शेपान शाल्केचा अध्यक्ष होता. १९७४ सालीं वारला.

२००१ सालीं शाल्केच्या नव्या क्रीडागाराजवळील एका रस्त्यास त्याचें नांव देण्याचें घाटत होतें. तेव्हां दुकानाची ती हकीकत पुन्हां पुढें आली, आणि बेत सोडून देण्यांत आला.